पत्र्याचं रफू

लाखनी घ्या, पवनी घ्या, नाहीतर तुमसर. जुन्या मोठ्या घराच्या मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली एखादी गाडी हमखास उभी दिसते. कुणाकडे पद्मिनी, कुणाकडे अॅम्बेसेडर, कुणाकडे जीप. अंगावर फाटकी ताडपत्री, चाकांतली हवा गेलेली, उन्हाळ्यात टपावर वाळवणाचं सूप! मुलांसाठी ती लपाछपीची जागा आणि सुनेसाठी झाडताना आड येणारी अडगळ. पण ‘देऊन टाकू भंगारात’ असं कुणी म्हटलं, की सगळ्यात आधी घरातल्या म्हातारीचा चेहरा उतरतो. याच गाडीतून ती पहिल्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली असते. याच गाडीच्या मागच्या सीटवर पोरांची भांडणं सोडवत तिने अर्धा विदर्भ पाहिलेला असतो.

मग एखाद्या दिवाळीत सगळे जमतात आणि ठरतं, की गाडी पुन्हा उभी करायची. इंजिनाचं काम त्यातल्या त्यात सोपं असतं. जुन्या गाड्यांची इंजिनं साधी, ती उघडून बसवणारे मिस्त्री अजून सापडतात. खरा प्रश्न असतो तो गाडीच्या अंगाचा. पत्रा, रंग, चकाकणाऱ्या पट्ट्या, रबरं, गाद्या. जास्तीत जास्त पैसा इथेच जातो आणि फसगतही इथेच होते. गंमत म्हणजे, नेमक्या याच कामात घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. विचारलंच तर एवढंच, ‘सीट कव्हर कोणत्या रंगाचं घेऊ?’

मैत्रिणींनो, आजचा विषय त्यासाठीच घेतला आहे. पत्र्याचं काम ओळखायला मिस्त्री असावं लागत नाही. जिने बाजारात मडकं वाजवून घेतलंय, शालूला रफू करून आणलंय आणि कल्हईवाल्यासमोर उभं राहून पातेली मोजून घेतलीत, तिला या कामातलं निम्मं आधीच कळतं. उरलेलं निम्मं समजून घेऊ.

कुर्ल्याची पद्मिनी, भंडाऱ्याचं पितळ

आपल्याकडच्या अंगणांत पद्मिनी जास्त दिसतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून गाड्या बनू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल गाडी मराठी माणसाने लगेच ‘डुक्कर फियाट’ करून टाकली! १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, चितोडच्या राणीचं नाव घेऊन. २००१ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीचं वय तिथे वीस वर्षं धरतात, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या वेळी कितीतरी लोक तिच्यासोबत फोटो काढायला गेले. आपल्या मागच्या अंगणातली मात्र तशीच ताडपत्रीखाली राहिली.

आता तुम्ही म्हणाल, कुर्ल्याच्या गाडीचा आणि भंडाऱ्याचा काय संबंध? संबंध धातूचा आहे. भंडाऱ्याला पितळेचं शहर म्हणतात. इथल्या हंडा-गुंड्या, परातींनी विदर्भातल्या पिढ्यान् पिढ्यांचे रुखवत सजले. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज निघतं. पोलादाला बळकटी येते ती त्यानेच. वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गाडेगावला अशोक लेलँडचा. म्हणजे धातू तापवणं, ठोकणं, घासणं हे या मातीला नवीन नाही.

पितळेचं भांडं बनवणारा कारागीर आणि गाडीचा पोचा काढणारा डेंटर यांच्या कामाचं तत्त्वही एकच. खाली ऐरण, वर हातोडी, मध्ये पत्रा. कारागीर भांडं मठारतो तेव्हा एकाला लागून एक असे हलके, सारख्या जोराचे ठोके देत जातो. डेंटरही तेच करतो. पत्र्याच्या आतून लोखंडी गुटका धरायचा आणि बाहेरून हातोडी. जोरात हाणलं की पत्रा ताणला जातो आणि मग दाबलं की डब्याच्या झाकणासारखा ‘टक टक’ आत-बाहेर होतो. असा ताणलेला पत्रा पुन्हा आखडून घ्यायला थोडी थोडी जागा तापवून, ठोकून गार करावी लागते. ते हातालाच कळतं, मशीनला नाही.

मडकं वाजवून घ्या

गाडी गॅरेजला नेण्याआधी घरच्या घरी तिची तपासणी करता येते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. तुमची बोटं, एक बॅटरी आणि फ्रिजवर लावायचं चुंबक.

आधी बोटाच्या पेराने गाडीच्या अंगावर टिचक्या मारत जा. चांगला पत्रा मोकळा वाजतो. जिथे आवाज बद्द येईल, तिथे खाली काहीतरी भरलेलं आहे असं समजा. मग चुंबकाला मऊ फडकं गुंडाळून तेच ठिकाण तपासा. पत्र्याला चुंबक चिकटतं. मधेच एका जागी ते सुटून पडू लागलं, तर तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे. लांबी म्हणजे डेंटर-पेंटर खड्डे बुजवायला वापरतात ते लुकण. ती वाईट नसते, भाताच्या पेजेसारखी पातळ थरात असेल तर! दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. बोटभर जाड असेल, तर कुणीतरी आधीच गाडीला फसवलेलं आहे.

आता गंज कुठे शोधायचा? दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडतं. वर्षानुवर्षं माती बसून ती बुजतात आणि दरवाजा तळाशी आतून कुजतो. तसंच पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली, चाकाच्या कमानीमागे, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, बॅटरीच्या बैठकीखाली आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायाखालच्या पत्र्यात. मॅट उचला, खालचं ओलसर अस्तर उचला आणि बॅटरी मारून पाहा.

आपल्या जिल्ह्यात तर याची सगळी सोय आयती आहे. तलावांचा जिल्हा, धानाची शेती, पावसाळा भरपूर. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल चाकांनी उडवून आत कमानीत बसवलेला असतो, तो वाळला तरी ओल धरून ठेवतो. शेडमध्ये शेजारी तणसाचा ढीग असेल तर आणखीच. आणि धानाच्या कोठीजवळ उभी गाडी म्हणजे उंदरांचं माहेर! सीटमधला काथ्या आणि वायरी दोन्ही त्यांनी आधीच संपवलेल्या असतात.

रंगावर फोड आलेला दिसला तर तो वरवरचा आजार समजू नका. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज तयार होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. म्हणजे फोड दिसेपर्यंत खालचं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

‘चकाचक’ नावाचा सापळा

साकोलीकडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी १९८४ ची पद्मिनी आहे. वडील डॉक्टर. खेड्यापाड्यांत याच गाडीने व्हिजिटला जायचे. ते गेल्यावर गाडी दहा-बारा वर्षं जागची हलली नाही. भावांचं म्हणणं भंगार, आईचं म्हणणं ‘मी असेपर्यंत राहू द्या’. शेवटी मैत्रिणीने मनावर घेतलं.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “पंधरा दिवसांत चकाचक करून देतो जी. नव्या नवरीवानी.” सगळं मिळून एकच आकडा. आकडा परवडणारा होता. भाऊ लगेच तयार झाले.

दुसरा माणूस वयस्क डेंटर होता. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. सीटा काढायला लावल्या, मॅट उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो सरळ खाली गेला. मैत्रीण सांगते, “खालची माती दिसली गं!” डेंटर शांतपणे म्हणाला, “ताई, रंगाचं मंग पाहू जी. पयले हे पाहा.”

हे ‘पयले पाहा’ का महत्त्वाचं? जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते. वरचं अंग गंजलं तरी गाडीचा सांगाडा खाली शाबूत राहू शकतो. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरचं तसं नाही. त्यांचा पत्राच त्यांची हाडं आहे. खालचा फ्लोअर, दाराखालच्या लांब पेट्या, खांब आणि टप एकमेकांना जोडून सगळा भार पेलतात. सीटचे बोल्ट या फ्लोअरमध्येच असतात. तो कुजलेला असताना वरून लांबी लावून, काळं डांबरट कोटिंग मारून, झकास रंग दिला तर गाडी फोटोत सुंदर दिसेल. पण ब्रेक जोरात लागला किंवा कुठे धडक बसली, तर सीट माणसासकट सुटू शकते. ज्या गाडीत आपण सत्तरी पार केलेल्या आईला बसवणार, तिच्यात हा धोका घ्यायचा?

मैत्रिणीने दुसरा माणूस निवडला. त्याने एकरकमी भाव दिला नाही. आधी गाडी पूर्ण उघडायची, मग किती पत्रा बदलावा लागतो ते दाखवायचं, त्यावर भाव ठरवायचा. घरात कुरकुर झाली. ‘हा तर पैसे खाणार,’ असंही कुणी म्हणालं. खरं तर उलट आहे. आत न पाहता जो आकडा सांगतो, त्याने आत न पाहण्याचंच ठरवलेलं असतं.

ठिगळ कसं लावतात

चांगलं काम कसं चालतं, ते क्रमाने समजून घेऊ. म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून काय विचारायचं ते कळेल.

पहिलं काम हातोडीचं नाही, फोटोंचं. मोबाइलवर गाडीचा कोपरान् कोपरा टिपून ठेवा. कोणती पट्टी कुठे होती, कोणती क्लिप कोणत्या बाजूला होती, दारात काय काय होतं. निघालेला प्रत्येक स्क्रू, हँडल, अक्षर वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. आपण लोणच्याच्या बरण्यांवर तारीख लिहितो ना, तसंच. हे काम मैत्रिणीने स्वतः केलं, एका रविवारी, भाचीला सोबत घेऊन. डेंटर म्हणाला, त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या सामान हरवल्यामुळे अडकून पडतात.

मग कापणी. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो. गंजावर नुसतं ठिगळ मारलं तर ठिगळाच्या कडेने गंज पुढे चालू लागतो. विरलेल्या साडीला विरलेल्या जागेवरच टाका घातला तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. पण इथे एक मेख आहे. फ्लोअर आणि दाराखालची पेटी कापण्याआधी गाडीला खालून आणि आतून आधार द्यावा लागतो. नाहीतर अंग मधे लवतं आणि मग सगळं जोडून झाल्यावर दारंच लागत नाहीत! म्हणून दारं बसवून, त्यांच्या फटी मोजून, मगच टाका घालायचा. ‘आधार कुठे दिलाय?’ एवढं विचारलं, तरी समोरच्याला कळतं की बाईला काम समजतं.

नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा हवा. वेल्डिंगचा टाका एका दमात लांबलचक मारायचा नसतो. उष्णतेने पत्रा वाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मधे गार होऊ द्यायचं, असं करत करत शिवण पूर्ण करायची. अगदी कच्ची धावदोर घालून मग पक्की शिलाई मारतो तसं. त्यानंतर टाके घासून सपाट करायचे आणि मग हातोडीने मठारकाम. हात फिरवून पाहायचं. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. पुरणपोळी लाटताना कडा जाड राहिली की बोटांना कळतं ना, अगदी तसं.

पूर्वी, लांबी येण्याआधी, खोलगट जागा कथील-शिशाच्या मिश्रणाने भरत. पत्र्यावर आधी कथलाचा हात द्यायचा, मग ते मिश्रण मऊ करून लाकडी पट्टीने पसरायचं. म्हणजे कल्हईचीच चुलत बहीण! भंडाऱ्याच्या जुन्या कल्हईवाल्याला हे पाहून नवल वाटलं नसतं. आता शिशाच्या विषारीपणामुळे आणि मेहनतीमुळे ते मागे पडलं. लांबी सोपी आहे, म्हणूनच तिचा अतिरेकही सोपा झाला.

पत्रा पूर्ण झाला की गंजरोधक प्रायमर, पातळ लांबी, पुन्हा प्रायमर, पाणी मारून वॉटर पेपरने घासणं, मग रंग. रंगाचं वेळापत्रक आपल्या हवामानाला धरून ठेवा. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे जुन्या पद्धतीच्या लॅकर रंगावर दुधाळ झाक येते. मे महिन्याच्या उन्हात रंग पत्र्यावर पसरायच्या आतच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. दिवाळी ते होळी हा आपल्याकडे उत्तम काळ. म्हणजे पत्र्याचं काम पावसाळ्यात, शेडखाली, रंग थंडीत. कुणी ऐन श्रावणात रंग मारून देतो म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि शेवटी एक काम, जे झाल्याचं दिसत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. दारांच्या, पेट्यांच्या आतल्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारायचं. पैसे देण्याआधी हे झालं का ते विचारा. आणि पाणी जाण्याची ती बारीक भोकं रंगाने बुजली नाहीत ना, तेही पाहा.

दागिने शेवटी

बंपर, ग्रिल, दाराची हँडलं, काचेभोवतीच्या पट्ट्या, नावाची अक्षरं म्हणजे गाडीचे दागिने. सगळ्यांचं लक्ष आधी त्यांच्याकडे जातं. प्रत्यक्षात ते सगळ्यात शेवटी अंगावर चढवायचे असतात.

बंपरचा चकचकीतपणा क्रोमचा असतो असं आपण म्हणतो. पण क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. केसाची जाडीच साधारण ७० मायक्रॉन, यावरून अंदाज करा! खरी झळाळी आणि संरक्षण देतो तो त्याखालचा निकेलचा थर, आणि त्याखाली अनेकदा तांब्याचा. म्हणजे काम स्वस्तात कुठे उरकतात, ते कळलं ना? खालचा पत्रा नीट न घासता, निकेल नावापुरतं देऊन वर क्रोम चढवतात. दोन पावसाळ्यांत खालून तांबूस ठिपके वर येतात. ‘तांबं-निकेल-क्रोम, तिन्ही देणार का?’ हा प्रश्न लक्षात ठेवा.

दाराची हँडलं आणि अक्षरं जुन्या गाड्यांत बरेचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात. त्यांवर बारीक खड्डे पडलेले असतील तर ती भरून पुन्हा क्रोम करणं अवघड आणि महाग. त्यापेक्षा मूळ जुनं चांगलं हँडल शोधणं बरं. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकल्या असतील तर लाकडी ठोकळ्यावर, लाकडी हातोडीने सरळ होतात. पण काढताना घाई केली तर त्या कायमच्या मुरडतात.

घरी करता येईल असंही काही आहे. क्रोमवर गंजाचे हलके ठिपके असतील तर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. बरेचसे निघतात. मात्र पितळ घासायची पावडर किंवा तारेची घासणी क्रोमला लावू नका. एकदा ओरखडे पडले की पडले.

काचेचं रबर मात्र नवंच घ्या. ते कडक झालेलं असेल तर पाणी आत जाणारच आणि सगळी मेहनत वाया. काच बसवताना कारागीर रबराच्या खाचेत दोरी घालतात आणि आतून ती हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर चढवतात. पाहण्यासारखं असतं ते. परकराची नाडी ओवण्याच्या अगदी उलट!

गाद्यांच्या बाबतीत पुन्हा आपल्यालाच विचारलं जाईल. हे आजचं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने हेलेन रोदर या डिझायनरला घेतलं आणि पन्नाशीच्या दशकात तिथे आणखी बायका आल्या. पण बहुतेकींना काम मिळालं ते गाडीच्या आतलं. कापड, रंग, गाद्या. बाहेरचा पत्रा पुरुषांकडे. सत्तर वर्षं झाली, आपल्या गॅरेजमध्ये अजून तीच वाटणी आहे. म्हणून म्हणते, सीट कव्हर जरूर निवडा, पण त्याआधी सीट उचलून खाली पाहा.

धूळ घरात नको

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बरेच जण पैसे वाचवायला गाडी घराच्या अंगणातच घासून घेतात. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हौदात, रांगत्या मुलांच्या हातांवर बसते. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि गर्भाला अपायकारक आहे. घासायचंच असेल तर पाणी मारून, घरापासून दूर, आणि तो गाळ विहिरीकडे किंवा बांधीत जाऊ न देता. घासणाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

हल्ली जो दोन घटक मिसळून मारायचा चकचकीत रंग असतो, त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. रंगाऱ्याकडे योग्य मास्क आहे का, हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा नव्हे. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे. क्रोम चढवण्याच्या कामातलं सांडपाणीही अतिशय विषारी असतं. ते काम घरगुती टाकीत करून देणाऱ्याकडे जाऊच नका.

आधी कागद

हौसेने खर्च करण्याआधी कागद पाहा. ‘पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारातच’ असा अनेकांचा समज आहे. तसा नियम दिल्ली परिसरातल्या बातम्यांमुळे डोक्यात बसलाय. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर आरटीओच्या तपासणीत ती योग्य ठरली, तर पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मूळ मालक हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. हे काम आधी करा, पत्र्याचं नंतर. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीत नोंद करावी लागते. मूळ रंगच ठेवलात तर तो त्रासही नाही आणि गाडीचा मानही राहतो. मूळ रंग कोणता हे विसरला असाल तर दाराच्या आतल्या अस्तराखाली पाहा. तिथे ऊन पोचलेलं नसतं.

आणि गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर? केंद्राने जुलै २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मूळ रूप बदलेल असा मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. म्हणजे बघा, रुंद टायर, नवं ग्रिल, पुढून कापलेलं बॉनेट अशा हौशी आज केल्या, तर उद्या तो मान हातचा जातो.

काय जपायचं, काय सोडायचं

मैत्रिणीच्या पद्मिनीला आठ महिने लागले. मधले चार महिने ती करड्या प्रायमरमध्ये होती. येणारे-जाणारे हसायचे, ‘डॉक्टरसाहेबांची गाडी राखेत लोळली का?’ पैसे टप्प्याटप्प्याने गेले. भिशीचे, थोडे धानाचे, थोडे भावांचे. बाजारात विकायला गेलं तर खर्चाइतके पैसे कधीच येणार नाहीत, हेही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुन्या गाडीचं अंग दुरुस्त करणं ही गुंतवणूक नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. घरातल्या मुलीचं शिक्षण, आईचं औषधपाणी बाजूला सारून तर हे मुळीच करू नये.

शेवटी एक प्रश्न उरला होता. मागच्या मडगार्डला एक पोचा होता. एका पावसाळी रात्री पेशंटकडे जाताना वडिलांनी गाडी बैलबंडीला घासली होती. डेंटरने विचारलं, “हा काढू का जी?” आई म्हणाली, “राहू द्या.” त्याने खालचा गंज काढला, प्रायमर दिलं, रंग दिला आणि पोचा ठेवला. चांगला कारागीर कुठे हातोडी थांबवायची तेही जाणतो.

अशी माणसं कमी होत चालली आहेत. स्टीलची भांडी आली आणि भंडाऱ्यातल्या पितळेच्या कामाची रया गेली. ठोक्यांचा आवाज विरळ झाला. गाड्यांचंही तेच. आजच्या गाडीचा दरवाजा चेपला की विमा कंपनी नवा दरवाजा बसवते. पोचा काढायला शिकणार कोण, आणि कशासाठी? तरण्या पोरांना हे काम शिकावंसं वाटायचं असेल, तर त्याचे पैसे मिळायला हवेत. ते पैसे गिऱ्हाईकच देतं. लांबीच्या चकाचक कामाला आपण हो म्हटलं, की हातोडीचा हात असलेला माणूस घरी बसतो. ‘पत्रा दाखवा, मग रंगाचं बोलू’ म्हटलं, की त्याला काम मिळतं आणि त्याच्या शेजारी एखादं पोट्टं शिकायला उभं राहतं.

तेव्हा या दिवाळीला गाडीचा विषय निघालाच, तर सीट कव्हरचं कॅटलॉग बाजूला ठेवा. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळा, बॅटरी घ्या आणि मागच्या अंगणात जा. आणि हो, जाताना सासूबाईंनाही बोलवा. गाडीला कोणता पोचा कधी पडला, ते त्यांनाच सांगता येईल.